समाजकार्य, समाजनियंत्रण आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात व्याख्यान सुरू झाले की मागच्या रांगेतल्या मंडळींचे लक्ष भोजनदानाच्या मंडपाकडे जाते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. तेव्हा फार पाल्हाळ लावत नाही. पण विषय जरा आडवळणाचा आहे, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

गेल्या काही वर्षांत वस्तीत फिरताना आम्हांस एक गोष्ट दिसून आली. आपल्या घरांतली पोरे-पोरी दोन वाटांनी जास्त जाऊ लागली आहेत. एक वाट एम.एस.डब्ल्यू.ची. आपल्या यवतमाळात सावित्री-जोतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे, नागपूरला जुनी महाविद्यालये आहेत, आणि आता तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची परीक्षाही आपली मुले देतात. दुसरी वाट पोलीस भरतीची. पहाटे पाचला नेहरू स्टेडियमवर जाऊन बघा, धावणाऱ्यांत आपली किती पोट्टी आहेत ते. एका घरात तर थोरली मुलगी समाजकार्य शिकते आणि धाकटा भरतीची तयारी करतो. आई म्हणते, "एक लोकांचे भले करणार, दुसरा चोर धरणार." आम्हांस दोन्ही वाटांबद्दल आदर आहे. पण या दोन वाटा एकमेकींना कुठे मिळतात, हे या मुलांना कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी आज एका प्राध्यापकाची हकिकत घेऊन आलो आहोत. ते आपल्या समाजातले नव्हेत, आपल्या जिल्ह्यातलेही नव्हेत. तरी त्यांच्या आयुष्यभराच्या कामात आपला प्रश्न पुरता सापडतो.

त्यांचे नाव डॉ. माधव सदाशिव गोरे. इंग्रजी पुस्तकांवर एम. एस. गोरे असे छापलेले असते. जन्म १९२१ चा. दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयात ते प्राचार्य होते. पुढे १९६२ पासून १९८२ पर्यंत, म्हणजे सलग वीस वर्षे, ते टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक राहिले. ही संस्था १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झाली. समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी आपल्या देशातली ती पहिली संस्था. गोरेसरांच्याच काळात, १९६४ साली, तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी पीएच.डी. केली ती अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात, १९६१ साली. कोलंबिया म्हटल्यावर आपल्या मंडळींचे कान टवकारतात. साहजिकच आहे. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ शिकले.

पदव्यांची आणि पदांची यादी येथेच थांबवतो. आपल्याला त्यांनी अभ्यास कशाचा केला त्याच्याशी मतलब आहे.

१९५९ साली दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयातर्फे गोरेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानीतल्या भिकाऱ्यांच्या प्रश्नावर एक पाहणी प्रसिद्ध केली. देश स्वतंत्र होऊन बारा वर्षे झाली होती. दिल्लीच्या रस्त्यावर माणसे हात पसरत होती, आणि त्यांचे करायचे काय हा सरकारपुढचा प्रश्न होता. त्याच १९५९ साली आपल्या मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा झाला. वऱ्हाड १९५६ पासून त्या राज्यात आले होते, म्हणून तो कायदा आपल्याही वाट्याला आला, आणि पुढे दिल्लीलाही तोच नेऊन लावला. या कायद्यात भीक मागणे म्हणजे नुसते हात पसरणे नव्हे. गाणे म्हणून, नाच करून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून मागितले तरी ती भीकच. इतकेच काय, पोटाचे उघड साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर फिरतो आहे, एवढेही पुरते. पोलीस वॉरंटाशिवाय धरू शकतो. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात, आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

आता विचार करा, गाणे, खेळ, भविष्य ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कोण करत आले? डोंबारी, नंदीबैलवाले, जोशी, बहुरूपी, गोपाळ. म्हणजे एका ओळीत सगळे भटके कायद्याच्या जाळ्यात. आणि भन्तेजींची क्षमा मागून म्हणतो, भिक्षू आणि भिकारी हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. पिंडपाताला निघालेल्या चीवरधारी भिक्षूला कोणी गाडीत घालत नाही. हात दोघांचाही पुढे असतो, पण शिपाई बघतो ते अंगावरचे वस्त्र.

या कायद्यात समाजकार्यकर्त्याला काय काम आहे ते नीट ऐका. शिक्षा ठरवताना परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघावा, असे त्यात लिहिलेले आहे. परिवीक्षा अधिकारी म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. ही जागा कोणाला मिळते? समाजकार्याची पदवी घेतलेल्याला. म्हणजे धरतो पोलीस, कोंडतो मॅजिस्ट्रेट, आणि हा सुटण्यालायक आहे की नाही हे लिहिते आपली एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलगी. सहानुभूतीने लिहील, मान्य. पण लेखणी त्या भिंतीच्या आत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रातला कायदा त्या निकालाने उठला नाही.

यालाच समाजशास्त्रात समाजनियंत्रण म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ आपल्या आज्या-पणज्यांना न शिकता कळत होता. माणसाने आपली पायरी सोडू नये म्हणून समाज आणि सरकार जे जे करते ते सगळे समाजनियंत्रण. त्यात पोलीस आणि तुरुंग येतात, तसे टोमणे, बहिष्कार, सोयरीक मोडणे हेही येते. आणि पुष्कळदा मदतही येते. मदत कोणाला द्यायची, कोणत्या अटीवर द्यायची, आणि मिळावी म्हणून माणसाने कसे वागायचे, हे ठरवणाऱ्याच्या हातात लगाम असतो.

फार लांब कशाला जायचे, आपल्याच जिल्ह्यातले घ्या. यवतमाळचे नाव देशभर झाले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. २००५ साली टाटा संस्थेनेच मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून या आत्महत्यांच्या कारणांवर अहवाल दिला. पुढे २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाला एक लाख रुपये ठरले, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण कोणाला? जमीन सातबाऱ्यावर असली पाहिजे, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचे आणि थकलेले असले पाहिजे, पोलिसांचा पंचनामा पाहिजे, शवविच्छेदनाचा अहवाल पाहिजे. मग समिती बसते आणि मयताला पात्र किंवा अपात्र ठरवते. मेलेल्या माणसालाही पात्रता सिद्ध करावी लागते, बाप्पा! आणि जो दुसऱ्याच्या वावरात रोजमजुरी करत होता, ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्याने विष घेतले तर तो कागदावर शेतकरीच नव्हे. आपल्या समाजातली कितीतरी घरे या वर्गातली आहेत. मदतीचा अर्ज आणि पोलीस ठाण्याचा कागद एकाच फायलीत कसे बसतात, हे त्या विधवांना विचारा.

आता पुन्हा गोरेसरांकडे येऊ. समाजकार्य शिकवणारा हा माणूस पुढे पोलिसांकडे वळला, आणि हीच गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. १९७१ साली केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष गोरेसर. ती गोरे समिती म्हणूनच ओळखली जाते. शिपायाला कवायत आणि कलमे शिकवून भागणार नाही, त्याला माणसाच्या वागण्याचे शास्त्र आणि समाजाची रचना कळली पाहिजे, त्याची दृष्टी बदलली पाहिजे, असा त्या समितीच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे १९७७ साली, आणीबाणी उठल्यावर, राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. धर्मवीर अध्यक्ष होते. सदस्यांत पोलीस खात्यातले मोठे अधिकारी होते आणि त्यांच्यात एक प्राध्यापक होते, ते गोरेसर. दुसरे एक सदस्य के. एफ. रुस्तमजी. रुस्तमजी आपल्या बाजूचे, जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेतून वर आलेले. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कैद्यांवर १९७९ साली त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले, आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटला उभा राहिला.

या आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. तिसऱ्या अहवालात एक आकडा आहे, तो भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी पाठ करावा. होणाऱ्या अटकांपैकी जवळजवळ ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, आणि तुरुंगांवरच्या खर्चातला ४३.२ टक्के खर्च अशा माणसांवर होतो. हे आम्ही म्हणत नाही. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने म्हटले. १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच आकडा समोर ठेवून अटकेवर मर्यादा घातल्या. त्या साठ टक्क्यांत कोणत्या वस्तीतली माणसे जास्त असतील, हे या मंडपात वेगळे सांगायला नको. खैरलांजीनंतर, २००६ च्या नोव्हेंबरात, विदर्भभर मोर्चे निघाले तेव्हा किती तरुणांवर केसेस लागल्या आणि किती वर्षे तारखा चालल्या, ते आपण पाहिले आहे.

आयोगाच्या शिफारशींचे काय झाले? पुष्कळशा कपाटात गेल्या. असो.

तर हा प्राध्यापक भिकाऱ्यांपासून सुरू झाला आणि पोलिसांपर्यंत पोचला. तिथून तो कुठे गेला? निवृत्तीच्या वयात त्यांची तीन इंग्रजी पुस्तके पाठोपाठ आली. १९८९ साली महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर, १९९० साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्यावर आणि १९९३ साली बाबासाहेबांच्या राजकीय व सामाजिक विचारांवर. या शेवटच्या पुस्तकात बाबासाहेबांचा विचार म्हणजे निषेधाचे, विरोधाचे तत्त्वज्ञान कसे उभे राहते, कोणत्या सामाजिक परिस्थितीतून उभे राहते, याची समाजशास्त्रीय मांडणी आहे. पुस्तक जाड आहे, इंग्रजीत आहे, आपल्या वस्तीत ते फारसे कोणी वाचले नसेल.

आम्हांस त्यातल्या विद्वत्तेपेक्षा हा क्रम विचार करायला लावतो. ज्यांना द्यायचे त्यांची मोजदाद आधी. ज्यांनी धरायचे त्यांचे शिक्षण मग. आणि ज्यांनी "आम्हांस तुमचे दान नको, आमचा हक्क द्या" म्हटले, त्यांचा विचार सर्वांत शेवटी, साठी उलटल्यावर. यात गोरेसरांना दोष देण्याचा हेतू नाही. उलट ते तिथवर पोचले याचे आम्हांस कौतुक आहे, कारण त्या पिढीतले कितीतरी विद्वान पहिल्या टप्प्यावरच पेन्शनीत गेले. पण आपल्या मुलांनी उलट्या टोकाने सुरुवात केली पाहिजे. त्यांना तीस वर्षे थांबायची गरज नाही. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९३२ सालीच सोडवून ठेवला होता.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, तिच्यावाचून १९३२ ची गोष्ट कळत नाही. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी. सदस्यांत बाबासाहेब, डॉ. सोळंकी आणि ठक्कर बाप्पा. आपला जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात नव्हता, आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. पण गाव इकडचे काय आणि तिकडचे काय. हे स्टार्ट साहेब त्याआधी काय करत होते? गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायची, काम लावायचे, पोरांना शाळेत घालायचे, हे त्यांचे खाते. मग तेच अस्पृश्यांच्या उन्नतीचा विचार करायला बसले. माणूस वाईट नसेल, आम्हांस त्याच्याविषयी तसे म्हणायचे नाही. पण कोंडण्याचे आणि उद्धाराचे टेबल एकच होते, हे विसरू नका.

त्या समितीच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन आहे, ते बाबासाहेबांनी पुढे गोलमेज परिषदेपुढेही ठेवले. अस्पृश्य माणूस वरच्या वर्गाची जमीन कसतो, त्यांच्या शेतावर मजुरी करतो किंवा गावकीच्या कामाबद्दल मिळणाऱ्या भाकरीवर जगतो. म्हणजे पोटाची दोरी गावाच्या हातात. त्याने हक्क मागितला की गाव वाट बंद करते, वाणी सामान देत नाही, जमीन काढून घेतली जाते. आणि कारण काय? चांगले कपडे घातले, दागिना घातला, जमीन विकत घेतली, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली. यात पोलीस कुठेच नाही बघा. काठी न उचलता एक गाव एका वस्तीला गुडघ्यावर आणते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ साली, लागू झाला २०१७ साली. मधे ८६ वर्षे गेली.

आता १९३२. पुणे करार झाला आणि अस्पृश्यता निवारणासाठी संघ निघाला, पुढे त्याला हरिजन सेवक संघ नाव पडले. ठक्कर बाप्पा त्याचे सचिव. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना एक पत्र लिहिले. समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र पहिल्या वर्षी वाचले पाहिजे, असे आमचे मत आहे. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. दलिताच्या उद्धाराचे काम दोन समजुतींवर चालते. एक समजूत अशी की माणसाचे दैन्य त्याच्या स्वतःच्या वागण्यातून येते. मग काम काय निघते? दारूबंदी, आखाडा, वाचनालय, शाळा, पतपेढी, म्हणजे माणूस सुधारा. दुसरी समजूत अशी की दैन्य परिस्थितीतून येते. मग काम निघते ते परिस्थिती बदलण्याचे. पहिल्या कामाने थोडी माणसे वर येतील, वर्ग तिथेच राहील. म्हणून संघाने गावोगाव विहिरी, शाळा, चावडी, गाड्या यांवरच्या हक्कांसाठी लढावे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना बंद आहे, रेल्वेत हमालाचीही जागा मिळत नाही, ते उघडावे. सवर्णांनी घरात घ्यावे. आणि हे काम करणारी माणसे मुख्यतः अस्पृश्यांतलीच असावीत, पोटासाठी सेवेचा धंदा करणारे भाडोत्री नकोत.

त्या पत्राला उत्तर आले नाही. बाबासाहेब संघाच्या मंडळावर होते, ते बाहेर पडले. पुढे अस्पृश्यांना मंडळावर घ्यावे अशी मागणी आली तेव्हा गांधीजींनी सांगितले की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ते त्यांनाच करू द्या. यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे: या संघाचे काम अस्पृश्यांना दयेने मारण्याचे आहे, म्हणजे उपकार करून करून त्यांचा विरोधच मरून जावा असे. गोरेसरांच्या विषयाचा सगळा गाभा इथे आहे. देणारा कोण, ठरवणारा कोण, आणि घेणाऱ्याला "नाही" म्हणता येते की नाही?

इथवर सगळे दुसऱ्यांनी आपल्याशी काय केले ते सांगितले, म्हणून तुम्ही माना डोलावल्या. आता जरा अवघड बोलतो.

आमच्या ओळखीची आपल्याच समाजातली एक मुलगी. एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला असताना क्षेत्रकार्यासाठी तिला एक पारधी बेडा मिळाला. कोणत्या गावाजवळचा ते सांगत नाही. तिने तीन महिने तिथे जाऊन प्रत्येक झोपडीतली माणसे लिहून काढली. नाव, वय, जन्म कुठला, कोण कुठे कामाला जाते, कोण कधी गावाबाहेर असते. हेतू चांगला होता. रेशनकार्ड आणि जातीचे दाखले काढून देण्याचे शिबिर घ्यायचे होते. बेड्यावरच्या बायांनी विश्वासाने सगळे सांगितले. तेवढ्यात जवळच्या गावात घरफोडी झाली. एका संध्याकाळी तिचा आम्हांस फोन आला, "सर, ठाण्यातून यादी मागून राहिले. देऊ का?"

बघा, तिची यादी आणि १८७१ च्या कायद्याची हजेरीची वही यांत कागद म्हणून काही फरक नाही. तीच नावे, तीच वये, कोण कधी बाहेर जाते तेही लिहिलेले. फरक एवढाच की ती यादी कोणासाठी आहे. तिने यादी दिली नाही. लेखी मागा, कोणत्या गुन्ह्यात कोणाबद्दल माहिती हवी ते लिहून द्या, म्हणाली. लेखी काही आले नाही. पण तिला वरून बोलणी बसली, शिबिर लांबले, आणि दाखले निघाले ते फार थोड्या घरांचे. त्यांपैकी एका पोराचे नाव पुढे शाळेत लागले.

ही हकिकत आम्ही एका बैठकीत सांगितली, आपल्याच लोकांच्या. एक गृहस्थ उठून म्हणाले, "पण सर, पारधी म्हटल्यावर पोलीस काहून नाही जाणार?" चांगला शिकलेला माणूस, विहाराची वर्गणी न चुकता देणारा. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. आम्ही त्यांना एवढेच विचारले की हे वाक्य 'पारधी' हा शब्द काढून तिथे तुमच्या आजोबांची जात घालून म्हणून बघा. आपले आजे-पणजे गावचे कोतवाल होते. चोराचा माग काढायला, आरोपीबरोबर चालायला त्यांनाच धाडत. गावावर पहारा त्यांचा आणि गावाचा पहारा त्यांच्यावर. नियंत्रणाची दोन्ही टोके एकाच माणसाच्या पाठीवर कशी असतात हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

भगवान बुद्धांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी हाताळला आहे. दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोर-लुटारू माजलेले. पुरोहित त्याला सांगतो की मारून, कोंडून, हद्दपार करून हे संपणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला अन्न-वेतन दे, लोक आपापल्या कामाला लागतील. आणि त्याच निकायातले चक्कवत्ती सीहनाद सुत्त तर आणखी पुढे जाते. तिथे राजा गरिबांना धन देत नाही, म्हणून चोरी सुरू होते. पकडलेल्या चोराची दया येऊन राजा त्याला पैसे देतो. मग लोकांना वाटते, चोरी केली की पैसे मिळतात! तेव्हा राजा शिरच्छेद सुरू करतो, आणि चोर शस्त्रे घेतात. म्हणजे एकट्या-दुकट्यावर केलेला उपकारही फसला आणि तलवारही फसली. मुळात गरिबी दूर करायची ती केलीच नव्हती. धम्म शिकवणाऱ्या वर्गात ही दोन सुत्ते मुलांना अवश्य सांगावीत, अशी भन्तेजींना आमची नम्र विनंती आहे.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या पारधी समाजातल्या शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ साली भीक मागणाऱ्या पारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा काढली. जी पोरे भीक प्रतिबंधक कायद्यात सापडली असती, ती तिथे बाराखडी गिरवू लागली. २०१९ साली समृद्धी महामार्गासाठी त्या शाळेचा काही भाग पाडला गेला, त्यात वाचनालयही गेले. बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना जे लिहिले, की काम करणारे त्याच समाजातले असावेत, ते हेच. आपण तिथे जाऊन सुधारणा करायची नाही. शेजारी म्हणून उभे राहायचे, आणि ते बोलावतील तेव्हा जायचे.

विहार समितीशी बोलणे झाले आहे. अभ्यासिकेत आपल्या पोरांच्या टेबलावर राष्ट्रीय पोलीस आयोगाचा तिसरा अहवाल आणि १९३२ चे पत्र यांच्या प्रती ठेवायच्या. भरतीवाल्यांनी अहवाल वाचायचा, समाजकार्यवाल्यांनी पत्र वाचायचे आणि महिन्यातून एकदा एकमेकांना समजावून सांगायचे. भांडण झाले तरी चालेल. दुसरे, ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन आहे. १९५२ साली त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा उठला. त्या संध्याकाळी सहा वाजता बेड्यावरची काही मंडळी विहारात येणार आहेत. भाषण त्यांचे असेल, आपण ऐकायचे. सतरंज्या आणि चहा समितीकडे आहे. ज्यांच्या घरी जास्तीच्या खुर्च्या असतील त्यांनी आदल्या दिवशी कळवावे.

जय भीम. नमो बुद्धाय.